विश्लेषण : कादंबरी, चित्रपट, अणुदुर्घटना आणि युद्ध… ‘स्टॉकर’ गेममधील ‘झोन’ नेमका कुणाचा?

कीव्हच्या जीएससी गेम वर्ल्ड या कंपनीचा ‘स्टॉकर २ : हार्ट ऑफ चोर्नोबिल’ हा व्हिडीओ गेम २० नोव्हेंबर २०२४ रोजी बाजारात आला आणि दोनच दिवसांत त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे कंपनीने जाहीर केले. युद्ध सुरू असलेल्या देशात, सायरनच्या आवाजात तयार झालेला गेम म्हणून त्याचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण या मालिकेची मुळे युद्धाच्या कितीतरी आधीची आहेत. १९७२ सालची एक रशियन भाषेतील विज्ञान कादंबरी, १९७९ सालचा एक सोव्हिएत चित्रपट आणि १९८६ सालची चेर्नोबिल अणुदुर्घटना या तिन्हींच्या मिश्रणातून हा गेम जन्मला. आज याच गेममधून रशियन भाषा जाणीवपूर्वक वगळण्यात आली आहे. ज्या भाषेतून कल्पना आली ती भाषा बाहेर, कल्पना मात्र आत, असा हा पेच आहे.

मूळ कादंबरीत आहे काय?

आर्काडी आणि बोरिस स्त्रुगात्स्की हे लेनिनग्राडमध्ये वाढलेले दोघे भाऊ. थोरला आर्काडी जपानी भाषेचा जाणकार आणि अनुवादक, तर धाकटा बोरिस खगोलशास्त्रज्ञ, पुल्कोवो वेधशाळेत काम केलेला. सोव्हिएत वाचकांत या जोडीइतके लोकप्रिय विज्ञान कथालेखक क्वचितच झाले. त्यांची ‘रोडसाइड पिकनिक’ या नावाने जगभर ओळखली जाणारी कादंबरी १९७२ मध्ये लेनिनग्राडच्या ‘अव्रोरा’ मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली.

परग्रहवासी पृथ्वीवर येऊन गेले आहेत, इथून कादंबरी सुरू होते. ते आले, कुणाशी काही बोलले नाहीत, कुणावर हल्ला केला नाही आणि निघून गेले. जिथे ते थांबले त्या सहा जागा आता ‘झोन’ म्हणून ओळखल्या जातात. तिथे भौतिकशास्त्राचे नियम चालत नाहीत आणि कुणालाही न समजणाऱ्या वस्तू विखुरल्या आहेत. कादंबरीतला एक शास्त्रज्ञ याची तुलना रस्त्याकडेच्या सहलीशी करतो. माणसे गाडीतून येतात, खातात, पितात, रिकामे डबे आणि तेलाचे डाग मागे ठेवून निघून जातात. गवतातल्या किड्यामुंग्यांना त्यातले काय कळणार? आपण त्या मुंग्या आहोत, हे त्याचे म्हणणे. अंतराळातून येणारे पाहुणे एक तर शत्रू असतील किंवा गुरू, असे गृहीत धरणाऱ्या तेव्हाच्या विज्ञान कथेला हा मोठा धक्का होता. इथे पाहुण्यांना आपली दखलही घ्यावीशी वाटलेली नाही.

पण कादंबरीचा जीव या कल्पनेत नाही. तो रेडरिक शूहार्ट या माणसात आहे. हार्मोंट नावाच्या काल्पनिक गावातला हा तरुण दिवसा संशोधन संस्थेत सहायक म्हणून काम करतो आणि रात्री चोरून झोनमध्ये शिरून तिथल्या वस्तू काळ्या बाजारात विकतो. असे करणाऱ्यांना म्हणतात स्टॉकर. झोनमध्ये चालताना तो पुढे लोखंडी नट फेकत जातो. नट सरळ पडला तर वाट बरी, वाकडा ओढला गेला किंवा जमिनीवर आपटला तर तिथे मृत्यू आहे. एका जागी साचलेल्या जेलीसारख्या द्रवात पाय पडलेल्या म्हाताऱ्या स्टॉकरची हाडे विरघळतात. रेडरिकचा शास्त्रज्ञ मित्र किरील एका गॅरेजमध्ये चंदेरी जाळ्याला पाठ घासली जाते म्हणून काही तासांत मरतो. स्टॉकर लोकांची मुलेही वेगळी जन्मतात. रेडरिकची लाडकी लेक हळूहळू माणूसपण गमावत जाते. त्याच्याकडे पैसा येतो, तुरुंग येतो आणि शेवटी तो झोनच्या आतल्या, इच्छा पूर्ण करणाऱ्या सोनेरी गोलापर्यंत पोहोचतो. तिथवर जाण्यासाठी त्याने एका कोवळ्या मुलाचा बळी दिलेला असतो आणि समोर उभे राहिल्यावर कळते की मागायला स्वतःची इच्छाच उरलेली नाही.

कादंबरी पाश्चात्त्य देशात घडते, त्यामुळे लोभ आणि काळा बाजार हे सारे भांडवलशाहीच्या नावावर खपवता येण्यासारखे होते. तरीही मॉस्कोच्या प्रकाशन संस्थेने पुस्तक वर्षानुवर्षे अडवून धरले. राजकारणापेक्षा आक्षेप होता तो भाषेवर. पात्रे शिव्या देतात, दारू पितात, हाणामारी करतात, हे सोव्हिएत तरुणांपुढे कसे ठेवायचे? आठ वर्षांच्या झटापटीनंतर १९८० मध्ये काटछाट केलेली आवृत्ती पुस्तकरूपात निघाली. त्याआधी तीन वर्षे अमेरिकेत इंग्रजी अनुवाद आलाही होता.

‘स्टॉकर’ हा शब्द कुठून आला?

एखाद्याचा, विशेषतः स्त्रीचा, पाठलाग करून छळणारा, असा आज या इंग्रजी शब्दाचा अर्थ आपल्या कानांवर पडतो. कादंबरीतल्या शब्दाचा त्याच्याशी संबंध नाही. बोरिस स्त्रुगात्स्कीने सांगितल्यानुसार हा शब्द सुचला तो रुडयार्ड किपलिंगच्या ‘स्टॉकी अँड कंपनी’ या शाळकरी मुलांच्या कथांतून. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचे हे पुस्तक आर्काडीने तरुणपणी हौसेने रशियनमध्ये आणले होते. त्यातला हिकमती, कुणाच्या हाती न लागणारा स्टॉकी दोघा भावांच्या डोक्यात राहिला. रशियन उच्चारात तो ‘स्टाल्केर’ झाला आणि पुढे इतका रुजला की चेर्नोबिलच्या निषिद्ध क्षेत्रात चोरून जाणारी खरीखुरी माणसेही स्वतःला स्टाल्केर म्हणवू लागली.

तारकोव्हस्कीने कादंबरीचे काय केले?

थोडक्यात सांगायचे तर मोडतोड. आणि तीही लेखकांच्याच हातून करवून घेतली. आंद्रेई तारकोव्हस्कीच्या १९७९ च्या ‘स्टॉकर’ची पटकथा स्त्रुगात्स्की बंधूंच्या नावावर आहे, पण त्यांना ती पुन्हा पुन्हा लिहावी लागली. पडद्यावर कादंबरीतले उरले ते तीन शब्द आणि एक वस्तू, म्हणजे झोन, स्टॉकर, इच्छा आणि फेकायचे नट. तेही कापडाच्या पट्ट्या बांधलेले.

चित्रपटात परग्रहवासी दिसत नाहीत, विचित्र वस्तू नाहीत, काळा बाजार नाही. एक स्टॉकर, एक लेखक आणि एक प्राध्यापक असे तिघे झोनमधल्या एका खोलीकडे निघतात. ती खोली माणसाची सर्वांत खोलवरची इच्छा पूर्ण करते, असे म्हणतात. गंमत अशी की झोनमध्ये धोका आहे हे फक्त स्टॉकर सांगतो. पडद्यावर जवळपास काहीच घडत नाही. गवत हलते, पाणी ठिबकते, गंजलेल्या रणगाड्यांवर वेली चढलेल्या दिसतात. पावणेतीन तासांच्या आसपासच्या या चित्रपटात दीडशेही शॉट नाहीत. प्रत्येक शॉट इतका लांबतो की प्रेक्षकच धोका शोधू लागतो. पुण्या-मुंबईच्या फिल्म सोसायट्यांत तारकोव्हस्की पाहत वाढलेल्यांना या संथपणाचे वेगळे सांगायला नको.

हे रूपही ठरवून आले, असे पूर्णपणे म्हणता येत नाही. चित्रीकरण आधी ताजिकिस्तानात इस्फारा परिसरात होणार होते. तिथे भूकंप झाला आणि सारा लवाजमा एस्टोनियात, ताल्लिनजवळच्या यागाला नदीवरील बंद पडलेल्या जलविद्युत केंद्रांकडे गेला. तिथे पहिल्या टप्प्यात चित्रित केलेला बहुतेक भाग प्रयोगशाळेत फिल्म नीट धुतली न गेल्याने वाया गेला. छायाचित्रणकार गिओर्गी रेरबेर्ग बाहेर पडला. तारकोव्हस्कीने चित्रपट दोन भागांचा आहे असे दाखवून नवे पैसे मिळवले आणि या सक्तीच्या विश्रांतीत नायकच बदलून टाकला. आधीचा स्टॉकर कादंबरीतल्यासारखा राकट, गुन्हेगारी वळणाचा होता. नवा स्टॉकर झाला भाबडा, श्रद्धाळू, रडवेला, रशियन परंपरेतल्या देवभोळ्या वेड्यांच्या जातीचा. फिल्म नीट धुतली गेली असती तर जगाला कदाचित वेगळाच ‘स्टॉकर’ पाहायला मिळाला असता.

खोलीची एक उपकथा पुढे गेमसाठी फार महत्त्वाची ठरली. एक स्टॉकर आपल्या मेलेल्या भावाला परत मागण्यासाठी त्या खोलीत जातो. घरी येतो तर भाऊ नाही, पैशाची रास मिळालेली. खोलीने त्याची खरी इच्छा ओळखलेली असते. तो गळफास घेतो. म्हणूनच चित्रपटातले तिघे उंबरठ्यापर्यंत जातात आणि आत पाऊल टाकत नाहीत.

‘झोन’ या शब्दाला सोव्हिएत प्रेक्षकांच्या कानात आणखी एक अर्थ होता, तो म्हणजे तुरुंग छावणी. रशियन बोलीत आजही ‘झोना’ म्हटले की काटेरी तारेआडची बराक आठवते. चित्रपटाच्या सुरुवातीचे ते कुंपण, शिट्ट्या, पहारेकऱ्यांच्या गोळ्या पाहताना हे कुणाच्या मनात आले नसेल, असे मानणे कठीण आहे.

मग यात चेर्नोबिल कधी आले?

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचे प्रिप्यात हे सुमारे ५० हजार वस्तीचे शहर बसगाड्या लावून रिकामे करण्यात आले. मग केंद्राभोवती ३० किलोमीटर त्रिज्येचे निषिद्ध क्षेत्र आखले गेले आणि लोक त्याला साहजिकच झोन म्हणू लागले. काटेरी तारा, तपासणी नाके, दिसत नाही, वास येत नाही पण मारते असे काहीतरी, आत अडकलेला संसार आणि तो चोरून बाहेर काढून विकणारे लोक. १४ वर्षांपूर्वी छापलेल्या कादंबरीतले तपशील एकेक करून खरे ठरत होते.

यावरून स्त्रुगात्स्कींनी किंवा तारकोव्हस्कीने चेर्नोबिलचे भाकीत केले होते, असे लेख आजही निघतात. चित्रपटातला प्राध्यापक आपला बॉम्ब ‘चौथ्या बंकर’मधून आणल्याचे सांगतो, हाही पुरावा म्हणून दिला जातो. असल्या योगायोगांना फार भाव देण्यात अर्थ नाही. भाकितापेक्षा साधे स्पष्टीकरण समोर आहे. गुप्ततेत चालणारे मोठे तंत्रज्ञान, त्याच्या कडेला राहणारी आणि काहीच न कळवली गेलेली साधी माणसे, हे सोव्हिएत वास्तव कादंबरीआधीही होते. लेखकांनी ते पाहिले होते. खुद्द चित्रपटाचे चित्रीकरणही प्रदूषित जागी झाले. नदीच्या वरच्या अंगाला रासायनिक कारखाना होता आणि पाण्यावर पांढरा फेस तरंगत असे. अभिनेता अनातोली सोलोनित्सिन १९८२ मध्ये, तर तारकोव्हस्की डिसेंबर १९८६ मध्ये कर्करोगाने गेला. ध्वनिमुद्रक व्लादिमिर शारून याने या मृत्यूंचा संबंध त्या नदीशी जोडला आहे. तो सिद्ध झालेला नाही.

गेमने कादंबरीतून काय घेतले आणि चित्रपटातून काय?

जीएससी गेम वर्ल्डची स्थापना १९९५ मध्ये कीव्हमध्ये सेर्ही ग्रिगोरोविच या किशोरवयीन मुलाने केली. २००१ च्या सुमारास कंपनीने ‘ऑब्लिव्हियन लॉस्ट’ नावाचा अंतराळातल्या वेगवेगळ्या जगांत फिरण्याचा गेम हाती घेतला. तसे गेम तेव्हा पैशाला पासरी होते. मग कुणाच्या तरी लक्षात आले की जगावेगळी जागा शोधायला परग्रहावर जाण्याची गरज नाही, ती कीव्हपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. चमूने निषिद्ध क्षेत्रात जाऊन छायाचित्रे काढली. प्रिप्यातमधले हॉटेल, संस्कृती भवन, कधीच नीट न चाललेला तो पिवळा आकाशपाळणा हे सारे गेममध्ये जवळपास हुबेहूब उतरले. अनेकदा लांबणीवर पडत अखेर मार्च २००७ मध्ये ‘स्टॉकर : शॅडो ऑफ चेर्नोबिल’ आला. पाठोपाठ २००८ मध्ये ‘क्लिअर स्काय’ आणि २००९ मध्ये ‘कॉल ऑफ प्रिप्यात’.

नाव इंग्रजीत लिहिताना प्रत्येक अक्षरानंतर टिंब दिले गेले आणि त्याचा विस्तार केला गेला : भंगार वेचणारे, घुसखोर, साहसी, एकांडे, मारेकरी, शोधक आणि लुटारू. ही यादी चित्रपटाला मुळीच लागू पडत नाही. कादंबरीला मात्र चपखल बसते, आणि गेमने कुणाकडून काय उचलले याचा उलगडा इथूनच होतो.

गेमची अर्थव्यवस्था कादंबरीची आहे. झोनमधून विचित्र वस्तू शोधायच्या, त्या तळघरातल्या सिदोरोविच या व्यापाऱ्याला किंवा शास्त्रज्ञांच्या छावणीला विकायच्या, त्या पैशातून पाव, सॉसेज, पट्ट्या आणि गोळ्या घ्यायच्या आणि पुन्हा आत जायचे. रेडरिकच्या आयुष्याचे चक्र हेच आहे. अदृश्य सापळ्यांची काही नावेही थेट तिथून आली आहेत. कादंबरीतला ‘जळजळीत पिसारा’ गेममध्ये त्याच रशियन नावाने लोंबकळतो आणि हाडे विरघळवणारी जेली थोडे नाव बदलून ‘खोलोदेत्स’ होते. खोलोदेत्स हा मांस उकळून गोठवलेला घरगुती पदार्थ आहे. मृत्यूला स्वयंपाकघरातले नाव देण्याची ही सवय स्टॉकर मंडळींची, पर्यायाने स्त्रुगात्स्कींची. आणि अर्थातच हातात बोल्ट आहे, तो कधीच संपत नाही. बंदुकीच्या गेममध्ये एक बटण केवळ लोखंडाचा तुकडा पुढे फेकण्यासाठी राखून ठेवणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. व्होडका प्यायल्याने किरणोत्सर्ग उतरतो हा गेमचा नियम मात्र ना कादंबरीतला ना विज्ञानातला, तो दुर्घटनेनंतर पसरलेल्या लोकसमजुतीतला.

चित्रपटाकडून आला तो वेग, किंवा वेगाचा अभाव. २००७ मधले बंदुकीचे गेम खेळाडूला एका स्फोटाकडून दुसऱ्याकडे ढकलत नेत. इथे दहा-दहा मिनिटे नुसते चालणे आहे. करडे आकाश, ओले गवत, गंजलेले यंत्र, दूरवर कुत्र्याचे ओरडणे. रात्री शेकोटीभोवती बसलेले स्टॉकर गिटार वाजवतात, एकमेकांना विनोद सांगतात. इंग्रजी आवृत्तीतही शेकोटीवरच्या या गप्पा मूळ भाषेतच राहिल्या, आणि परदेशी खेळाडूंना एकही शब्द न कळता त्या आवडल्या. पात्रे खेळाडूची वाट पाहत थांबत नाहीत, स्वतःच्या कामाने हिंडतात, आपसांत लढतात, मरतात. तुम्ही तिथे नसलात तरी झोनचे काही अडत नाही. परग्रहवाशांच्या लेखी माणसाला किंमत नाही, ही कादंबरीची मूळ कल्पना संगणकाच्या आज्ञावलीत अशी उतरली.

एका बाबतीत मात्र गेमने दोघांशीही फारकत घेतली. चित्रपटातला स्टॉकर झोनमध्ये शस्त्र आणू देत नाही आणि लेखकाला पिस्तूल टाकून द्यायला लावतो. गेममध्ये बंदूक सतत हातात आहे. तारकोव्हस्कीच्या चाहत्यांनी यावर नाके मुरडली. त्यांची तक्रार खोटी नाही. बाजाराला बंदूक हवी होती आणि कंपनीने ती दिली.

पण शेवटाकडे येताना हाच बंदुकीचा गेम अनपेक्षितपणे चित्रपटाचा प्रश्न विचारतो. अणुवीज केंद्राच्या आत ‘मोनोलिथ’ नावाचा चकाकणारा स्फटिक आहे, तो इच्छा पुरवतो अशी ख्याती. खेळाडूला इच्छा निवडण्याची यादी दिली जात नाही. तोवर तो कसा वागला, यावरून गेमच ठरवतो. खूप पैसा साठवला असेल तर नायक श्रीमंती मागतो. त्याला वरून सोन्याची नाणी पडताना दिसतात, प्रत्यक्षात छत कोसळून तो त्याखाली चिरडला जातो. अमरत्व मागणारा धातूचा पुतळा होतो. झोन नाहीसा व्हावा, अशी सद्भावनेची इच्छा करणारा आंधळा होतो, मग त्याच्यापुरता झोन नाहीसाच झाला! असे एकूण सात शेवट आहेत, त्यांतले पाच मोनोलिथसमोरचे. भाऊ मागायला जाऊन पैसे घेऊन परतलेल्या त्या स्टॉकरची गोष्टच लाखो खेळाडूंच्या वाट्याला आली. फरक एवढाच की चित्रपटात ती ऐकायची होती, इथे ती तुमच्याच हातून घडते.

उरलेले दोन शेवट शोधणाऱ्याला झोनचे खरे कारण कळते. ते परग्रहवासी नाहीत. सोव्हिएत काळापासून चाललेल्या गुप्त प्रयोगात काही शास्त्रज्ञांनी आपली मने जोडून ‘नूस्फिअर’वर, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या मानवी विचारांच्या आवरणावर, ताबा मिळवण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. नूस्फिअरची कल्पना मांडणाऱ्यांत व्लादिमिर वेर्नाद्स्की हा भूरसायनशास्त्रज्ञ होता, जो १९१८ मध्ये कीव्हमध्ये स्थापन झालेल्या युक्रेनच्या विज्ञान अकादमीचा पहिला अध्यक्ष. बदल वाटतो तेवढा किरकोळ नाही. कादंबरीत झोनचा दोष कुणाचाच नाही, मुंग्यांनी सहलीला आलेल्यांना काय जाब विचारायचा? चित्रपटात कारण विचारलेच जात नाही. गेममध्ये दोषी आहे, तो माणूस आहे, त्याची प्रयोगशाळा आहे आणि ती लपवून ठेवणारी व्यवस्था आहे. दुर्घटनेची बातमी उशिरा कळलेल्या शहरात वाढलेल्या पिढीने हा बदल केला, यात नवल नाही.

आणखी कोणाचे ऋण?

गेममधला ‘ब्रेन स्कॉर्चर’ हा मनोऱ्यांचा समूह केंद्राकडे जाणाऱ्यांची बुद्धी जाळून त्यांना चालती-बोलती प्रेते बनवतो. निषिद्ध क्षेत्रात खरोखरच ‘दुगा’ या सोव्हिएत रडारचा सुमारे दीडशे मीटर उंचीचा लोखंडी सांगाडा उभा आहे. शत्रूची क्षेपणास्त्रे दुरून हेरण्यासाठी तो बांधला होता. स्त्रुगात्स्कींच्याच १९६९ मधल्या ‘इनहॅबिटेड आयलंड’ या कादंबरीत देशभर मनोरे आहेत. ते क्षेपणास्त्रांपासून बचावासाठी आहेत असे जनतेला सांगितले जाते, प्रत्यक्षात ते लोकांची विचारशक्ती मारतात. वास्तव आणि कादंबरी यांची इतकी सरमिसळ झाल्यावर गेमने नेमके काय कुठून उचलले, हे वेगळे काढणे व्यर्थ आहे.

प्रभाव उलटाही वाहिला. गेमच्या यशानंतर रशियन भाषेत त्याच्या जगावर आधारलेल्या कादंबऱ्यांचा अक्षरशः पूर आला. जीएससी सोडून गेलेल्या काहींनी ‘फोर ए गेम्स’ ही कंपनी काढून दिमित्री ग्लुखोव्हस्कीच्या कादंबरीवरून २०१० मध्ये ‘मेट्रो २०३३’ हा गेम केला. अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत जगणाऱ्यांची ही गोष्ट. म्हणजे पुन्हा रशियन कादंबरी आणि युक्रेनियन गेम. ग्लुखोव्हस्कीने युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध केला. त्याला ऑगस्ट २०२३ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत आठ वर्षांची शिक्षा सुनावली.

युद्धाने काय बदलले?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी, आक्रमणाच्या पहिल्याच दिवशी, रशियन सैन्याने चेर्नोबिल केंद्र ताब्यात घेतले आणि मार्चअखेरपर्यंत ते तिथे राहिले. जीएससीच्या चमूतले काही जण प्राग येथे गेले, काही कीव्हमध्येच थांबले, काहींनी लष्कराचा गणवेश चढवला. ‘क्लिअर स्काय’वर काम केलेला व्लोदिमिर येझोव्ह डिसेंबर २०२२ मध्ये बाख्मुतच्या आघाडीवर मारला गेला.

कंपनीने गेमच्या नावातला चेर्नोबिल हा रशियन उच्चार काढून चोर्नोबिल हा युक्रेनियन उच्चार घेतला. एका अक्षराचा हा फरक युक्रेनियन माणसासाठी फार मोठा आहे. रशियन संवाद आणि उपशीर्षके रद्द झाली, रशियात विक्रीही नाही. मार्च २०२३ मध्ये कंपनीची माहिती चोरणाऱ्या एका रशियन समाजमाध्यम गटाने जी खंडणी मागितली, ती मुळी वेगळीच होती. पैसे नकोत, रशियन भाषा परत आणा! कंपनीने नकार दिला. मे २०२५ मध्ये जुन्या तीन गेमची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा त्यांतूनही रशियन आवाज आणि सोव्हिएत चिन्हे काढून टाकल्याचे दिसले. यावर मात्र रशियाबाहेरचेही काही जुने खेळाडू नाराज झाले. झोन हा सोव्हिएत भूतकाळाचे अवशेष जपणारा प्रदेश आहे, ते पुसले तर झोन कसला, असा त्यांचा मुद्दा. शेकोटीवरचे ते रशियन विनोद हाच अनेकांच्या आठवणीतला गेम होता.

दोन्ही बाजूंना वजन आहे. अवशेष पुसल्याने इतिहास कळत नाही, हे खरे. पण ज्या सैन्याच्या तोफगोळ्यांत सहकारी मेले त्यांच्या भाषेत गेम करून देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, हे त्याहून खरे.

तरीही वारसा ‘रशियन’ म्हणून एका झटक्यात सोडून द्यायचा किंवा मॉस्कोला बहाल करायचा म्हटले तर ते जमण्यासारखे नाही. कादंबरी काल्पनिक पाश्चात्त्य गावात घडते, तिच्या नायकाच्या धंद्याला नाव मिळाले ते इंग्रजी पुस्तकावरून आणि सोव्हिएत संपादकांनीच तिला आठ वर्षे कोंडून ठेवले. चित्रपट उभा राहिला एस्टोनियाच्या मातीवर. त्यात ज्याची कविता म्हटली जाते तो दिग्दर्शकाचा पिता, कवी आर्सेनी तारकोव्हस्की, आजच्या युक्रेनमधील क्रोपिव्नित्स्की येथे जन्मलेला. दिग्दर्शकाने १९८४ मध्ये मायदेशी परतणार नसल्याचे जाहीर केले आणि तो पॅरिसमध्ये मरण पावला. बोरिस स्त्रुगात्स्की २०१२ मध्ये वारला. अखेरच्या वर्षांत तो पुतिन राजवटीचा उघड टीकाकार होता आणि तुरुंगातल्या मिखाईल खोदोर्कोव्हस्कीशी त्याने पत्रव्यवहार केला होता.

‘स्टॉकर २’मध्ये सुरुवातीला तांत्रिक चुका पुष्कळ होत्या. पात्रे स्वतःच्या कामाने हिंडण्याची जुनी खुबीही नीट चालत नव्हती, ती नंतरच्या दुरुस्त्यांत सावरली गेली. शेकोट्या आहेत, गिटार आहे, गप्पा आता युक्रेनियनमध्ये चालतात. बोल्ट आहे. नायकाला गेममध्ये पुन्हा एकदा त्या केंद्राच्या दिशेने जायचे आहे. प्रत्यक्षातल्या केंद्रावर, चौथ्या अणुभट्टीवर २०१६ मध्ये सरकवून बसवलेल्या पोलादी कमानीवर, १४ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्फोटके लादलेला ड्रोन येऊन आदळला आणि छताला भगदाड पडले. ड्रोन रशियाचा असल्याचे युक्रेनने सांगितले, रशियाने ते नाकारले.